गंधकाचा एक अणु

रक्तदाबावरील गोळी ही आतां आपल्या घरांत परकी राहिलेली नाहीं. देवापुढील निरांजनाप्रमाणें तिचीही वेळ ठरलेली असते. आजोबांची सकाळची, आजींची रात्रीची, आणि पन्नाशी उलटलेल्या कर्त्या पुरुषाची न्याहारीच्या वेळची. गोळी हातावर ठेवणारी सून आणि ती घेणारे सासरे या दोघांसही तिच्याविषयीं बहुधा दोनच गोष्टी ठाऊक असतात : ती केव्हां घ्यावयाची, आणि ती चुकवावयाची नाहीं. अशांत एखादा पाहुणा सहज बोलून जातो, "हीं औषधें सापाच्या विषापासून काढतात बरें का!" मग माजघरांत क्षणभर सर्व स्तब्ध होतात. आजी गोळी पुन्हां डबींत टाकतात आणि नातवाला विचारतात, "खरें का रे हें?"

नातवानें काय उत्तर द्यावें? "नाहीं" म्हणावें तर पाहुण्याच्या बोलण्यांत कांहीं तथ्य आहे. "होय" म्हणावें तर गोळींत विषाचा लवलेशही नाहीं. खरें उत्तर या दोहोंच्या मधलें आहे, आणि तें समजण्यासाठीं कॅप्टोप्रिल नांवाच्या एका औषधाची कथा ऐकली पाहिजे. आज घरोघरीं दिसणारीं एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रॅमिप्रिल हीं सर्व 'प्रिल'-कारान्त औषधें त्याचींच धाकटीं भावंडें होत. कथा रसायनशास्त्रांतील असली तरी तिचा गाभा तर्काचा आहे. म्हणून जन्मभर संस्कृत शिकविलेल्या एका शिक्षकानें ती सांगितल्यास वाचकांनीं तें अनधिकार समजूं नये.

मूत्रपिंडाचें गुपित

इ. स. १८९८ मध्यें स्टॉकहोम येथें टिगरस्टेट आणि बर्गमन या दोघां शास्त्रज्ञांनीं सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क काढून तो दुसऱ्या सशास टोंचला, तों त्या सशाचा रक्तदाब चढला. अर्कांतील त्या अज्ञात द्रव्यास त्यांनीं 'रेनिन' असें नांव दिलें. पुढें १९३४ मध्यें अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें हॅरी गोल्डब्लाट यांनीं कुत्र्याच्या मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी चिमट्यानें आवळून दाखवून दिलें, कीं मूत्रपिंडास रक्त कमी पोंचूं लागलें म्हणजे सबंध शरीराचा रक्तदाब वाढतो. मूत्रपिंड आणि रक्तदाब यांचा असा निकटचा संबंध आहे हें तेव्हांपासून निश्चित झालें.

हा संबंध जुळतो कसा, हें पाहण्यापूर्वीं दोन शब्दांची ओळख करून घेऊं. पहिला अमिनो आम्ल. प्रथिनें म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओंवून केलेल्या माळा होत. मणी मुख्यत्वें वीस प्रकारचे. परंतु त्यांच्या क्रमभेदानें असंख्य माळा होतात, जशीं मोजक्या वर्णांपासून असंख्य पदें होतात. दुसरा शब्द एन्झाईम, ज्यास मराठी परिभाषेंत विकर म्हणतात. शरीरांतील रासायनिक कामें हीं विकरें घडवून आणतात. त्यांपैकीं कांहींचें काम माळा तोडण्याचें. अशा विकरास आपण अडकित्त्याची उपमा देऊं. सुपारी पात्यांमध्यें बरोबर बसली म्हणजे ती कटकन फुटते, आणि अडकित्ता दुसऱ्या सुपारीस मोकळा होतो.

रेनिन हा असाच एक अडकित्ता आहे. तो रक्तांतील एका मोठ्या प्रथिनापासून दहा मण्यांचा तुकडा तोडून काढतो. हा तुकडा स्वतः फारसा कांहीं करीत नाहीं. परंतु दुसरा एक अडकित्ता त्याच्या शेवटचे दोन मणी छाटून टाकतो, आणि उरलेली आठ मण्यांची माळ रक्तवाहिन्यांस आवळूं लागते. नळीचें तोंड बोटानें दाबलें असतां पाण्याचा जोर जसा वाढतो, तसा मग रक्ताचा दाब वाढतो. या आठ मण्यांच्या माळेस अँजिओटेन्सिन म्हणतात. दोन मणी छाटणारें हें दुसरें विकर लेनर्ड स्केग्ज व त्यांचे सहकारी यांनीं १९५६ मध्यें शोधून काढलें. फुप्फुसांत तें विपुल असतें. पुढील सर्व कथा याच विकराची आहे. आपण त्यास रूपांतरक विकर म्हणूं.

ब्राझीलचा जराराका

आतां स्टॉकहोम आणि क्लीव्हलंड सोडून ब्राझील देशाच्या अरण्यांत जाऊं. तेथें जराराका नांवाचा एक विषारी साप आहे. आपल्या सह्याद्रींतील हिरवा चापडा ज्या कुळांतला, त्याच कुळांतला हा. त्याच्या दंशानें रक्तदाब एकाएकी उतरतो. १९४८ मध्यें साओ पाउलो येथील रोशा ए सिल्व्हा आणि त्यांचे सहकारी बेराल्दो व रोझेनफेल्ड यांना असें आढळलें, कीं या सापाचें विष रक्तांत मिसळलें असतां रक्तांतूनच एक द्रव्य मुक्त होतें, आणि तें रक्तवाहिन्या सैल करतें. त्याचें नांव ब्रॅडिकायनिन.

परंतु ब्रॅडिकायनिन शरीरांत क्षणजीवी असतें. विकरें त्याचा चटकन नाश करतात. मग सापाच्या दंशाचा परिणाम टिकतो कसा? १९६५ मध्यें सेर्जिओ फेरेरा या ब्राझीलच्याच शास्त्रज्ञानें दाखवून दिलें, कीं विषांत आणखीही एक घटक आहे, आणि तो ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवितो. फेरेरा हा अर्क घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेंत गेले. तेथें वाय. एस. बखले या शास्त्रज्ञानें (हें आडनांव मराठी वाचकांस परकें वाटणार नाहीं) १९६८ मध्यें सिद्ध केलें, कीं विषांतील हा घटक रूपांतरक विकरासही बंद पाडतो. ब्रॅडिकायनिन तोडणारा अडकित्ता आणि अँजिओटेन्सिन घडविणारा अडकित्ता हा एकच होता! तो बंद पाडला, तर रक्तवाहिन्या आवळणारें द्रव्य निर्माण होत नाहीं, आणि त्या सैल करणारें द्रव्य टिकून राहतें.

येथें साप आपल्या कथेंतून जवळजवळ निघून जातो. त्यानें कोठें बोट ठेवावयाचें तेवढें दाखविलें.

दोन हजार निष्फळ प्रयत्न

व्हेन हे अमेरिकेंतील स्क्विब या औषधें करणाऱ्या कंपनीचे सल्लागार होते. त्यांच्या सूचनेवरून न्यू जर्सींतील तिच्या संशोधनसंस्थेनें हें काम हातीं घेतलें. तेथें दोघे जण मुख्य होते : एक, ब्वेनोस आयरेस येथें जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मिगेल ओन्देत्ती, आणि दुसरे जीवरसायनशास्त्रज्ञ डेव्हिड कुशमन. विषांतून त्यांनीं अनेक लहान माळा वेगळ्या केल्या. त्यांपैकीं नऊ मण्यांची एक माळ, टेप्रोटाइड नांवाची, त्यांनीं प्रयोगशाळेंत स्वतः तयार केली. ती रोग्यांना टोंचून देतां रक्तदाब उतरला. रूपांतरक विकर बंद केल्यास माणसाचा रक्तदाब खरोखर उतरतो, हें तिनें सिद्ध केलें.

परंतु टेप्रोटाइड तोंडावाटें देतां येईना. तीही अमिनो आम्लांचीच माळ, जठरांत व आंतड्यांत गेल्यावर इतर प्रथिनांप्रमाणें तिचें पचन व्हावयाचें. आणि जो रोग जन्मभर सोबत करणार, त्यावर रोज सुई टोंचून घेण्यास कोण तयार होईल? पाहिजे होतें तें लहानसें, न पचणारें, गोळीच्या रूपानें देतां येईल असें द्रव्य. त्यासाठीं त्यांनीं सुमारे दोन हजार निरनिराळीं द्रव्यें एकामागून एक तपासलीं. एकही उपयोगी पडलें नाहीं.

गाईसारखा गवय

न्यायशास्त्रांत ज्ञानाचीं चार साधनें मानलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांतील उपमानाचें उदाहरण पाठशाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतें. नगरांतील एका मनुष्यास कोणी अरण्यवासी सांगतो, कीं गवय नांवाचा प्राणी गाईसारखा असतो. पुढें तो मनुष्य रानांत जातो, गाईसारखें एक जनावर पाहतो, आणि ओळखतो कीं हाच गवय. ज्ञाताच्या सादृश्यानें अज्ञाताची ओळख पटणें, हें उपमान.

ओन्देत्ती आणि कुशमन यांनीं रूपांतरक विकर कधीं पाहिलेलें नव्हतें. त्याची घडण तेव्हां कोणासच माहीत नव्हती. परंतु त्याच्यासारखें काम करणारें दुसरें एक विकर पुरतें परिचित होतें. तें म्हणजे स्वादुपिंडांतून येणारें, अन्नांतील प्रथिनें पचविणारें कार्बोक्सिपेप्टिडेज. क्ष-किरणांच्या साह्यानें त्याची घडण स्पष्ट झाली होती, आणि त्याच्या पात्याशीं जसद धातूचा एक अणु बसलेला आहे हेंही समजलें होतें. तें माळेच्या टोंकाचा एक मणी तोडतें. रूपांतरक विकर दोन तोडतें. रूपांतरक विकरासही धातूची गरज लागते, असें प्रयोगांवरून दिसत होतें.

मार्च १९७४ मध्यें या दोघांच्या चर्चेंत एक लेख आला. बायर्स आणि वुल्फेन्डेन यांनीं तो आदल्याच वर्षीं प्रसिद्ध केला होता. कार्बोक्सिपेप्टिडेजच्या पात्यांत नेमकें बसून तें बंद पाडणारें बेंझिलसक्सिनिक आम्ल नांवाचें एक साधें द्रव्य त्या लेखकांनीं वर्णिलें होतें. त्याचें एक टोंक विकराच्या खोबणींत बसतें, आणि दुसरें टोंक जसदाच्या अणूस धरतें. तें वाचून ओन्देत्ती व कुशमन यांनीं विचार केला : गवय गाईसारखा असेल, तर गाईचें दावें थोडें लांब करून गवयास कां बांधूं नये? कार्बोक्सिपेप्टिडेज एक मणी तोडतें, आपलें विकर दोन. म्हणून आपलें द्रव्य एका मण्याइतकें लांब करावें. आणि टोंकाला कोणता मणी घ्यावा, हें तर सापानेंच सांगून ठेवलें होतें : विषांतील त्या माळांच्या शेवटीं प्रोलीन नांवाचें अमिनो आम्ल होतें.

म्हणून त्यांनीं प्रोलीन घेतलें, त्यास सक्सिनिक आम्ल जोडलें, आणि सक्सिनिल-प्रोलीन तयार केलें. त्याचा परिणाम फार दुबळा होता. परंतु जो होता तो नेमका त्याच विकरावर होता. दोन हजार द्रव्यांनीं जें दाखविलें नाहीं, तें एका विचारानें दाखविलें. त्यांत एक लहानसा मिथिल गट योग्य जागीं घालतां परिणाम पुष्कळ वाढला. तथापि औषध म्हणण्याइतका तो झाला नाहीं.

गंधकाचा प्रवेश

आतां प्रश्न उरला तो जसदाचा. सक्सिनिल-प्रोलीन आपल्या आम्लगटानें जसदास धरीत होतें, पण ती पकड सैल होती. अधिक घट्ट धरील असें काय आहे? उत्तर होतें गंधक.

गंधकाची ओळख आपल्या स्वयंपाकघरास आहे. लसूण व कांदा यांचा उग्र दर्प, आणि तीं वर्ज्य असलेल्या घरांतील हिंगाचा वास, हीं सर्व गंधकाच्या संयुगांचींच करणी. आपल्या केंसांतही सिस्टीन हें गंधकयुक्त अमिनो आम्ल विपुल असतें. केंस जळल्याचा वास त्यामुळेंच इतका घाण येतो. गंधकाचा अणु जेव्हां हायड्रोजनाची जोडी घेऊन अशा संयुगाच्या टोंकाशीं बसतो, तेव्हां त्या संयुगास मरकॅप्टन म्हणतात. हा शब्द लॅटिन आहे, आणि त्याचा अर्थ 'पाऱ्यास पकडणारा' असा होतो. आपल्या रसशास्त्रांतही पारद आणि गंधक यांचें सख्य प्रसिद्ध आहे. दोहोंच्या खलानें काळी कज्जली होते. जसद हा पाऱ्याच्याच कुळांतला धातु. जो गंधक पाऱ्यास पकडतो, तो जसदासही पकडील, हा तर्क सरळ होता.

(आमच्या रसवैद्यांस हें सर्व आधींच ठाऊक होतें, असें म्हणण्याचा मोह येथें होतो. तो आवरावा. त्यांस पारद-गंधकाचा योग ठाऊक होता, विकराच्या पात्यावरील जसद ठाऊक नव्हतें. पूर्वजांस न केलेल्या कामाचें श्रेय दिल्यानें त्यांनीं केलेल्या कामाची किंमत वाढत नाहीं.)

ओन्देत्ती व कुशमन यांनीं आम्लगटाच्या जागीं गंधकाचा गट बसविला, आणि परिणाम सुमारे सहस्रपट वाढला! या नव्या द्रव्याचें रासायनिक नांव मरकॅप्टोमिथिलप्रोपॅनॉइल-प्रोलीन. व्यवहारांतील नांव कॅप्टोप्रिल. अडकित्त्याच्या पात्यांत सुपारीऐवजीं तिच्याच आकाराचा खडा बसावा, आणि पात्यास असा चिकटावा कीं अडकित्ता मिटूं नये, तसें हें झालें. आरंभींच्या विचारापासून येथवर येण्यास साठाच्या आसपास द्रव्यें करून पाहावीं लागलीं. दोन हजार आणि साठ, हे दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहावेत.

तें करतात कसें?

आजींच्या प्रश्नाचें उत्तर देण्यास आतां आपण समर्थ झालों. कॅप्टोप्रिल करण्यास साप लागत नाहीं. प्रारंभ होतो मेथाक्रिलिक आम्लापासून; काचेसारखें दिसणारें अॅक्रिलिक प्लॅस्टिक ज्या जातीच्या द्रव्यांपासून करतात, त्यांतलेंच हें एक. त्यास थायोअॅसेटिक आम्लाची जोड देतात. हें दुर्गंधी आम्ल गंधक घेऊन येतें, पण झांकलेल्या स्थितींत. झांकण्याचें कारण असें, कीं उघडा गंधक हवेंतील प्राणवायूच्या संगतीनें दुसऱ्या गंधकाशीं जोडी जमवितो आणि कामांतून जातो. मग या संयुगास प्रोलीन जोडतात. या रीतींत उजव्या व डाव्या हाताप्रमाणें दोन रूपें एकदम तयार होतात. दिसण्यांत सारखीं, परंतु डाव्या हातास उजव्या हाताचा मोजा जसा नीट बसत नाहीं, तसें त्यांतील एक विकरास नीट बसत नाहीं व फारच दुबळें ठरतें. एका अमाइनाशीं क्षार करून स्फटिकांच्या द्वारें इष्ट रूप वेगळें काढतात. शेवटीं अमोनियाच्या साह्यानें गंधकावरचें झांकण दूर करतात, आणि पांढरी भुकटी हातीं येते. तिला गंधकाचा किंचित् वास असतो. म्हणूनच या गोळ्या कोरड्या जागीं, बंद डबींत ठेवावयाच्या असतात.

जमा आणि खर्च

१९७७ मध्यें हें संशोधन 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें, आणि १९८१ मध्यें अमेरिकेंत कॅप्टोप्रिलला परवानगी मिळाली. तोंवर रक्तदाबावर औषधें नव्हतीं असें नाहीं. आपल्याकडील सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ मध्यें एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत मांडून जगाच्या नजरेस आणला होता. परंतु सर्पगंधेंतील रेसर्पीन हें द्रव्य कित्येक रोग्यांचें मन उदास करून टाकी. नव्या औषधाचा मार्ग निराळा होता, आणि त्याचा लाभ रक्तदाबापुरता राहिला नाहीं. १९९२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या परीक्षेंत, हृदयविकाराच्या झटक्यानें हृदय दुबळें झालेले २,२३१ रोगी घेतले होते. त्यांत औषध न मिळालेल्यांपैकीं शेंकडा सुमारें २५ दगावले. कॅप्टोप्रिल मिळालेल्यांपैकीं शेंकडा सुमारें २०. पुढील वर्षीं ४०९ मधुमेही रोग्यांवरील परीक्षेंत असें दिसलें, कीं मृत्यु, डायलिसिस किंवा मूत्रपिंडरोपण यांचा धोका या औषधानें निम्म्यावर आला. या आंकड्यांमागें माणसें आहेत, आणि त्या माणसांमागें आपल्यासारखीं घरें आहेत.

खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षांत कॅप्टोप्रिलच्या मात्रा फार मोठ्या दिल्या जात. कित्येकांच्या अंगावर पुरळ उठे, कोणाच्या तोंडाची चव जाई, क्वचित् रक्तांतील पांढऱ्या पेशी कमी होत. याचा दोष गंधकाकडे गेला. मर्क कंपनीच्या आर्थर पॅचेट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच विचारानें, पण गंधकावांचून, एनालाप्रिल तयार केलें. १९८५ मध्यें तें बाजारांत आलें. तें दिवसांतून एकदोनदां घेतलें तरी पुरे. कॅप्टोप्रिल दोनतीनदां, आणि तेंही जेवणापूर्वीं तासभर घ्यावें लागे. पुढें मात्रा कमी केल्यावर कॅप्टोप्रिलचे दोषही पुष्कळ कमी झाले. परंतु घरांतली जागा धाकट्या भावंडांनीं घेतली ती घेतलीच. ज्या गंधकानें दार उघडलें, तोच पुढें दाराबाहेर राहिला.

कांहीं दोष मात्र सबंध कुळाचेच आहेत, आणि ते प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावेत. ब्रॅडिकायनिन टिकून राहिल्यानें कित्येकांस कोरडा खोकला लागतो. सुंठ, मध, काढे देऊन तो जात नाहीं. अशा वेळीं डॉक्टरांस सांगावें, म्हणजे ते दुसऱ्या जातीचें औषध देतात. क्वचित् ओंठ, जीभ किंवा चेहरा सुजतो. तेव्हां क्षणाचाही विलंब न लावितां रुग्णालय गांठावें. गर्भवतीस हीं औषधें वर्ज्य आहेत. त्यांनीं गर्भाच्या मूत्रपिंडास अपाय होतो. म्हणून घरांतील सुनेस किंवा लेकीस रक्तदाब असेल, तर दिवस जाण्यापूर्वींच हा विषय डॉक्टरांपुढें काढावा. संकोच करूं नये. आणि मिठाऐवजीं मिळणारें पोटॅशियमयुक्त मीठ विचारल्यावांचून वापरूं नये.

सर्वांत मोठा धोका मात्र औषधाचा नव्हे, तें आपण होऊन सोडण्याचा आहे. रक्तदाब दुखत नाहीं, खुपत नाहीं, हेंच त्याचें कपट. "आतां मला कांहीं होत नाहीं" असें म्हणून गोळी बंद करणारा मनुष्य, छत्री उघडी असल्यामुळें भिजत नाहीं हें विसरून, भर पावसांत ती मिटणाऱ्यासारखा होय.

शेवटीं एक गोष्ट

१९९९ मध्यें ओन्देत्ती व कुशमन यांना अमेरिकेंतील मानाचें लास्कर पारितोषिक मिळालें. पुढच्याच वर्षीं कुशमन वारले, आणि २००४ मध्यें ओन्देत्तीही गेले. मध्यंतरीं, २००३ मध्यें, इंग्लंडांतील बाथ विद्यापीठाच्या नटेश, आचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं रूपांतरक विकराची खरी घडण जगापुढें मांडली. पाहतां काय दिसलें? जसद अपेक्षेप्रमाणें जागेवर होतें. परंतु एकूण घडणींत तें विकर कार्बोक्सिपेप्टिडेजसारखें नव्हतेंच! तें दुसऱ्याच कुळांतलें निघालें.

म्हणजे गवय गाईसारखा नव्हता. त्याचें केवळ तोंड गाईसारखें होतें. मग तें उपमान चुकलें म्हणावयाचें काय? माझ्या मतें नाहीं. त्या दोघांनीं सादृश्य सिद्ध म्हणून धरलें नाहीं. तें पायरी म्हणून वापरलें, आणि प्रत्येक पायरीवर प्रयोगाचा पाय टेंकून मगच पुढें गेले. सादृश्य जेथवर खरें होतें तेथवर त्यानें साथ दिली, आणि पात्याशीं तें खरें होतें एवढें पुरेसें झालें. आपण व्यवहारांत उपमेवरून झटकन निर्णय करतों आणि पडताळा घेण्याचें विसरतों. उपमा देणें सोपें, ती तपासणें कठिण.

तेव्हां आजींनीं डबींतील गोळी निःशंकपणें काढून घ्यावी. तिच्यांत विष नाहीं. एका सापानें दाखविलेली वाट आहे, आणि त्या वाटेनें सावधपणें चालत गेलेल्या माणसांची बुद्धि आहे.